सिस्टरची पिशवी

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना उपकेंद्राची सिस्टर नवी नाही. ती अनेकदा शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या व्हरांड्यातच टेबल मांडते, लसींचा डबा उघडते, मुलांची नावे वहीत लिहिते आणि दुपारी पुढच्या टोल्याकडे निघून जाते. सरकारी कागदावर ती ‘आरोग्य सेविका’ असते. तिच्या प्रशिक्षणाचे नाव ए.एन.एम., म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. गावात मात्र ती सिस्टर किंवा नर्सबाईच.

तिच्या खांद्यावरच्या पिशवीत काय काय असते, हे आपण सहसा पाहत नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, ताणकाटा, थर्मामीटर, बोटाला टोचायच्या सुया, मलेरियाच्या पट्ट्या, लोहाच्या गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटे, काही इंजेक्शने आणि भरपूर वह्या. यातली प्रत्येक वस्तू केव्हातरी पहिल्यांदा पिशवीत आली. ती कुणाच्यातरी परवानगीने आली, आणि काही वस्तू फार उशिरा आल्या. या लेखात आम्ही तिच्या रोजच्या कामाचा इतिहास या पिशवीतून पाहणार आहोत.

पिशवीच्या आधी

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या काळात हा मुलूख मध्य प्रांतात, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात होता. धानाची शेती, तलाव-बोड्या आणि पूर्वेकडे दाट जंगल असा हा प्रदेश. येथे मराठीबरोबर हिंदी, गोंडी, पोवारी आणि छत्तीसगढीही कानावर पडते. डॉक्टर असत ते रेल्वेच्या गावी. खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हातून होई आणि तापावर घरगुती उपाय किंवा देवऋषी.

शिकलेल्या परिचारिका तेव्हा देशातच थोड्या होत्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने मध्यमवर्गीय स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, या शिक्षणाकडे वळवले. परक्या माणसाच्या शरीराला हात लावण्याचे काम ‘चांगल्या घरातल्या’ बाईने करावे की नाही, यावर त्या काळी बराच वाद होता.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशाची स्थिती आकड्यांत दिसली. सुमारे ३० कोटी लोकांसाठी ४७,५०० डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. परिचारिका होत्या फक्त ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टरांपेक्षा परिचारिका कमी! डॉक्टर आणि परिचारिका यांचे प्रमाण असे उलटे असल्यामुळे शहराबाहेरची सेवा उभी करायला माणसेच नव्हती. पूर्ण मुदतीच्या परिचारिका तयार व्हायला वेळ लागणार होता. म्हणून १९५० नंतरच्या दशकात कमी मुदतीचा ए.एन.एम. अभ्यासक्रम सुरू झाला. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली आणि त्यांच्या हाताखालच्या उपकेंद्रांत या मुलींची नेमणूक झाली.

सुरुवातीला तिचे काम मुख्यतः गरोदर बाई आणि बाळ यांच्यापुरते होते. मलेरियासाठी वेगळा माणूस, देवीच्या लशीसाठी वेगळा, कुटुंबनियोजनासाठी वेगळा. १९७३ साली कर्तारसिंग समितीने हे सारे एकत्र करण्याची शिफारस केली आणि एकेका विषयाचे कर्मचारी ‘बहुउद्देशीय’ झाले. पुढे निकष ठरला तो असा : सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तीन हजार हा आकडा कागदावर लहान वाटतो. पण जंगलात ती वस्ती पाच-सात गावे आणि त्यांच्या टोल्यांत विखुरलेली असते.

एक दिवस

तिचा एखादा साधारण दिवस पाहू. सकाळी उपकेंद्रात चार-दोन रुग्ण : ताप, जुलाब, खांडूक, कुऱ्हाडीचा घाव. त्यानंतर ठरलेल्या गावात लसीकरण. लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच ठेवाव्या लागतात, म्हणून डब्यात चार बाजूंना बर्फाच्या पिशव्या. कुपीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा चौकोन गडद होतो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी फेकून द्यायची. रसायनशास्त्राचा हा छोटा प्रयोग १९९६ पासून पोलिओच्या कुपीवर दिसू लागला. त्यापूर्वी लस वाटेत बिघडली का, हे सिस्टरला कळायला मार्गच नव्हता. काचेच्या सिरिंजा उकळण्याचे कामही तेव्हा तिचेच होते. एकदा वापरून आपोआप अडकणाऱ्या सिरिंजा आल्यावर ते गेले.

दुपारी गृहभेटी. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीत असतात, घरे कुलूपबंद. मग भेट एकतर पहाटे किंवा दिवेलागणीला. गरोदर बाईचा रक्तदाब, वजन, पायावरची सूज आणि पोटातल्या बाळाची वाढ ती तपासते. नवजात बाळाचे वजन घेते. सायंकाळी वह्या : जन्म, मृत्यू, माता, बालके, ताप, क्षयरोग, कुटुंबनियोजन. रात्री कुणाची कळ आली तर पुन्हा बाहेर. पावसाळ्यात नाले भरले की गाडी येत नाही, आणि निर्णय तिचा एकटीचा असतो. बाई पुढे पाठवायची की थांबायचे? तापाला ही गोळी द्यायची की ती?

‘सहायक’ हा शब्द तिच्या पदनामात आहे खरा, पण त्या क्षणी ती ज्याची सहायक असते तो डॉक्टर वीस-तीस किलोमीटर दूर असतो.

रक्ताचा एक थेंब

निर्णय घ्यायचा तर निदान हवे आणि निदानाला साधन हवे. गोंदियात रक्ताचा एक थेंब तीन प्रश्नांची उत्तरे देतो : रक्तक्षय आहे का, मलेरिया आहे का, सिकलसेल आहे का.

रक्तक्षयासाठी जुने साधन म्हणजे साहलीची नळी. रक्तात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की हिमोग्लोबिनचे तपकिरी संयुग बनते. मग शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब-थेंब पाणी घालायचे. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. उजेड कमी असला किंवा डोळा थकला असला की आकडा चुकतो. गरोदर बाईत ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे धोका. आता अंकी यंत्रे आली आहेत, पण वाचलेल्या आकड्यावर काय करायचे, हे ठरवण्याचे काम तिचेच राहिले आहे.

मलेरियाची गोष्ट अधिक बोलकी आहे. पूर्वी ताप दिसला की ती काचपट्टीवर रक्त घेई आणि लगेच क्लोरोक्विनच्या गोळ्या देई. काचपट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाई, तेथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाई आणि अहवाल कित्येक दिवसांनी परत येई. मेंदूपर्यंत पोचणाऱ्या फाल्सिपेरम मलेरियाचा रुग्ण इतके दिवस थांबत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तात्काळ निदानाच्या पट्ट्या तिच्या पिशवीत आल्या. पट्टीवर मलेरिया परजीवीच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिद्रव्ये असतात. प्रथिन असेल तर रंगीत रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर, तेही रुग्णाच्या ओसरीवर.

पण पट्टीनंतर डोके वापरावेच लागते. व्हायवॅक्स असेल तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरम असेल तर आर्टेमिसिनिनयुक्त मिश्र औषध. गरोदर बाईला प्रायमाक्विन द्यायचे नाही. काही माणसांच्या रक्तपेशींत जी-६-पी-डी हे विकर कमी असते, त्यांच्या रक्तपेशी या औषधाने फुटतात. म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी लगेच बंद करायची, हे घरच्यांना समजावून सांगायचे.

तिसरा प्रश्न सिकलसेलचा. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भात हा आजार अनेक आदिवासी व दलित समाजांत आढळतो. ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते, तो वाहक सहसा निरोगी असतो आणि तीव्र मलेरियापासून त्याला काही संरक्षणही मिळते. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिले ते यामुळे. दोघांकडून मिळाले तर मात्र मुलाला आयुष्यभर वेदना. तपासणी सोपी आहे : ठरावीक द्रावणात रक्ताचा थेंब टाकला आणि द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे पुढच्या तपासणीत ठरते. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना हा निकाल सांगणे, आणि त्यावरून कुणी कुणाला हिणवणार नाही हे पाहणे, हा या कामातला सर्वांत नाजूक भाग.

कोलोरॅडो आणि बर्लिंग्टन

परिचारिकेने स्वतः तपासावे, निदान करावे, औषध द्यावे, या कल्पनेला जगात एक नाव आहे : ‘नर्स प्रॅक्टिशनर’. त्याची सुरुवात १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून, डॉक्टर पोचत नसलेल्या भागातील मुलांसाठी परिचारिकांना वाढीव शिक्षण देण्यास आरंभ केला.

साहजिकच शंका आली : हे सुरक्षित आहे का? उत्तर मतांनी द्यायचे नव्हते, प्रयोगाने द्यायचे होते. कॅनडातील बर्लिंग्टन गावी काही कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गटांत विभागली. एका गटाला नेहमीप्रमाणे डॉक्टर, दुसऱ्याला प्रथम नर्स प्रॅक्टिशनर. १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू, रुग्णांची शारीरिक क्षमता, उपचारांचा दर्जा या कशातही दुसरा गट मागे नव्हता.

शेजारच्या गडचिरोलीत

गोंदियाच्या दक्षिणेला लागूनच गडचिरोली जिल्हा आहे. या मुलखाच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर तेथूनच मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील बालमृत्यू मोजायला सुरुवात केली, तेव्हा न्यूमोनिया हे मोठे कारण दिसले. न्यूमोनियात फुप्फुस ताठर होते, प्रत्येक श्वासात कमी हवा आत जाते आणि मूल भरभर श्वास घेऊन ती तूट भरून काढते. म्हणून श्वास मोजले की निदान होते : दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक.

पण अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधे यंत्र तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. या पद्धतीने निदान करून गावातच प्रतिजैविक देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने निम्म्याच्या आसपास होते.

पुढचा टप्पा अधिक धाडसाचा होता. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तर ते दूध ओढणे सोडते, मलूल पडते, गार होते. इलाज म्हणजे रुग्णालय. पण अंतर, मजुरी आणि बाळंतिणीने घराबाहेर न पडण्याची रीत यांमुळे बहुतेक आईबाप बाळाला हलवत नसत. ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. धोक्याची चिन्हे ओळखणे, वजन घेणे, ऊब देणे, आणि घरच्यांनी रुग्णालयात जायला नकार दिला तर त्यांच्या संमतीने जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे हे त्यांचे काम. ४७ गावे तुलनेसाठी होती.

४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

पंधरा वर्षे

आता आरोग्य सेविकेकडे परत येऊ. आरोग्यदूत तिच्यापेक्षा कितीतरी कमी शिकलेल्या होत्या. १९९९ नंतर लगेच जेन्टामायसिन तिच्याही पिशवीत यायला हवे होते, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात, रुग्णालयात पाठवणे शक्य नसेल तेव्हा किंवा पाठवण्यापूर्वीचा डोस म्हणून आरोग्य सेविकेने जेन्टामायसिन द्यावे, अशा केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना फेब्रुवारी २०१४ मध्ये निघाल्या. पंधरा वर्षे गेली. जागतिक आरोग्य संघटनेची अशी शिफारस २०१५ ची आहे, म्हणजे विलंब केवळ आपल्याच देशाचा नव्हे.

या विलंबाला ‘लाल फीत’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विरोध करणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. जेन्टामायसिनची मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंड आणि अंतर्कर्ण यांना इजा होते. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा वजनकाटाच चुकला तर? प्रतिजैविके सर्रास वापरली गेली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. ऑक्सिटोसिनचेही तसेच. बाळ बाहेर आल्यावर दिले तर ते रक्तस्राव रोखून आईचा जीव वाचवते. ‘कळा वाढाव्यात’ म्हणून आधी टोचले तर गर्भाशय फाटू शकते. आपल्याकडे गावोगाव असे गैरवापर होत आलेले आहेत.

तरीही प्रश्न उरतोच. औषध देण्यात धोका आहे हे खरे, पण न देण्यातही धोका आहे आणि तो कुणाच्या नावावर चढत नाही. चुकीच्या इंजेक्शनाने बाळ गेले तर चौकशी होते. इंजेक्शन न मिळाल्याने गेलेल्या बाळाची फक्त मृत्यूच्या वहीत नोंद होते. गडचिरोलीच्या प्रयोगाने या दोन धोक्यांची प्रथमच एका मापाने तुलना केली आणि तराजू कुठे झुकतो ते दाखवले. आम्हा संशोधकांनाही यात एक धडा आहे. निबंध छापून आला की काम संपले, असे आम्ही समजतो. तो निबंध आणि उपकेंद्राची पिशवी यांच्यामध्ये प्रशिक्षण, औषधपुरवठा, कायदा आणि विश्वास असा लांबचा रस्ता असतो.

हा रस्ता ओलांडल्याची उदाहरणेही आहेत. प्रसूतीनंतरचे ऑक्सिटोसिन आणि गरोदरपणातील झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस यांची जबाबदारी या शतकाच्या पहिल्या दशकात आरोग्य सेविकेकडे आली. २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत केव्हा द्यायचे, किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे नाही, हे नेमके लिहिलेले आहे. २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासू लागल्या. त्या कार्यक्रमाचे मूळ गडचिरोलीतच आहे.

आता

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूप बदलू लागले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. परिचर्या किंवा आयुर्वेदाची पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण अशी त्यांची तयारी. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण आता गावातच तपासले जातात आणि डॉक्टरांनी ठरवलेली गोळी उपकेंद्रात मिळते. त्याच वर्षी परिचारिकांसाठी प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरच्या अठरा महिन्यांच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा होऊन १९४७ चा जुना कायदा मागे पडला. नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आपल्या सरकारी कागदांत असा अलीकडे आला. ते काम मात्र सालेकसा-देवरीच्या बाजूला सिस्टर कित्येक दशके करत आली आहे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पिशवीत वस्तू वाढवणे म्हणजे सिस्टरला एकटे सोडणे नव्हे. बर्लिंग्टनमध्ये परिचारिकेच्या पाठीशी डॉक्टर होता. गडचिरोलीत आरोग्यदूताच्या कामाची नियमित तपासणी होत होती आणि औषध संपले तर ते पोचवणारी व्यवस्था होती. लेखी नियम, देखरेख, पुरवठा आणि पुढे पाठवण्यासाठी गाडी, या चार गोष्टी नसतील तर पिशवी नुसती जड होते. कौशल्याबरोबर आधार द्यायचा विसरलो, तर उद्या झालेल्या चुकीचा दोष तिच्या एकटीच्या माथी जाईल.

वर्गात

आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली : जोड्या करून विसाव्याच्या स्थितीत एकमेकांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मग पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. दोन्ही आकड्यांत फरक का पडतो, यावर चर्चा करा. श्वास मोजले जात आहेत हे कळले की माणसाचा श्वास बदलतो, हेही मुलांच्या ध्यानात येईल. झोपलेल्या किंवा शांत बाळाचेच श्वास का मोजायचे, हे त्यांना आपोआप उमगेल. मणी आणि दोरा वापरून श्वासमोजणीचे साधन मुले स्वतःही बनवू शकतील.

दुसरी : लसीकरणाच्या दिवशी, काम आटोपल्यावर, सिस्टरला वर्गात बोलवा. पिशवीतली एकेक वस्तू टेबलावर मांडायला सांगा आणि प्रत्येक वस्तूबद्दल मुलांनी एकच प्रश्न विचारावा : ही केव्हापासून आहे, आणि ती येण्याआधी तुम्ही काय करत होता? त्या उत्तरांत मिळणारा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो तिच्यासारख्या बायकांच्या आठवणीत आहे, आणि त्यांच्यातल्या पुष्कळजणी निवृत्त होत आहेत.